नवव्या दिवशी वावरात: लिक्विड डाएटचं एक प्रकरण

लिक्विड डाएटनं वजन उतरतं का, हा प्रश्न आमच्या ओपीडीत बाजाराच्या दिवशी हमखास येतो. उतरतं. त्यात वाद नाही. वाद आहे तो कोणाचं उतरतं, त्या पेल्यात नेमकं काय आहे, सोबत कोणत्या गोळ्या चालू आहेत आणि डबा संपल्यावर पुढे काय, याचा. हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा भागातलं, 2024च्या कापूस हंगामातलं. रुग्णाचं नाव आणि गाव देत नाही. इथे त्यांना ताई म्हणतो, ओपीडीतही तसंच म्हणतो.

ताई आणि त्यांच्या गोळ्या

वय 46, उंची 152 सेंटीमीटर, वजन 78 किलो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, पावणेचौतीस. भारतीयांसाठी 23च्या वर जास्त वजन आणि 25च्या वर लठ्ठपणा धरतात, म्हणजे इथे शंकेला जागा नव्हती. कंबर 98 सेंटीमीटर. बायकांच्या बाबतीत 80च्या पुढे गेली की आम्ही सावध होतो. मधुमेह पाच वर्षांपासून. ग्लिमेपिराइड 2 मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन 500 मिलिग्रॅम यांची एकत्र गोळी, सकाळ-संध्याकाळ. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली एक गोळी. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, म्हणजे एचबीएवनसी, 8.1.

या गोळ्यांची नावं ध्यानात ठेवा. पुढचं सगळं त्यांच्यावरच फिरतं.

घरी पाच एकर कोरडवाहू. पऱ्हाटी (कापूस) आणि तूर. राबणारा माणूस जाडा होत नाही, ही समजूत आमच्याकडे अजून पक्की आहे. पण वावरातलं काम बारा महिने सारखं नसतं. निंदण आणि वेचणी सोडली तर मधले कितीतरी दिवस घराच्या आजूबाजूलाच जातात. ताट मात्र कामाच्या दिवसांचंच राहतं. त्यात गुडघे दुखायला लागले की हालचाल आणखी कमी.

गुडघ्यांसाठीच त्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या. कागदावर गोळ्यांच्या खाली एक ओळ लिहून मिळाली: वजन कमी करा. कसं, ते कोणी सांगितलं नाही. अशी ओळ लिहायला काही सेकंद लागतात आणि ती पाळायची कशी हे सांगायला अर्धा तास. तो अर्धा तास कोणाकडेच नसतो. तालुक्याच्या गावात, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत एक वेलनेस सेंटर उघडलं होतं. तिथल्या मॅडमकडे मात्र तो होता. वजनकाटा, चरबी मोजायचं यंत्र, आधी-नंतरचे फोटो, आणि मुख्य म्हणजे खुर्ची देऊन सगळं ऐकून घेणारं माणूस. लोक तिथे का जातात याचं मला नवल वाटत नाही.

पुतणीचं लग्न पौष सरल्यावर ठरलं होतं. ताईंनी 21 दिवसांचं ‘लिक्विड चॅलेंज’ घेतलं. साडेसहा हजार रुपये. त्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,121 रुपये होता, म्हणजे जवळजवळ क्विंटलभर कापूस त्या डब्यांत गेला.

पेल्यात काय होतं

सकाळी उठल्यावर कोमट पाण्यात लिंबू आणि मध. मग पालक, लवकी (दुधी भोपळा), आवळा आणि कढीपत्ता मिक्सरमधून काढून गाळलेला हिरवा रस. सकाळी दहाला आणि दुपारी दोनला पाण्यात घुसळलेला एक-एक शेक. संध्याकाळी भाज्यांचं सूप, मक्याचं पीठ लावून. भाकर, भात, वरण, दूध, सगळं बंद. चहाही बंद.

मी डबा मागवून घेतला. लेबल वाचण्यासारखं होतं. एका मापात 95 कॅलरी, 9 ग्रॅम प्रथिनं. कृती लिहिलेली: 200 मिलिलिटर दुधात घ्या. वापर लिहिलेला: दिवसातल्या एका जेवणाऐवजी, बाकी संतुलित आहारासोबत. दूध घातलं तर वजन उतरत नाही, असं सांगून सेंटरनं ते पाण्यावर आणलं होतं. आणि एका जेवणाच्या जागी सगळीच जेवणं काढली होती. बनवणाऱ्यानं जे लिहिलं त्याच्याही पुढे विकणारा गेला होता. डब्याच्या धंद्यात हा प्रकार सारखा दिसतो. छापील कागद सावध असतो, तोंडी सल्ला मोकाट.

बेरीज केली तर दिवसाला चारशेच्या आसपास कॅलरी आणि बावीस-तेवीस ग्रॅम प्रथिनं. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2020मध्ये दिलेले आकडे बघा: मध्यम श्रमाचं काम करणाऱ्या, 55 किलोच्या बाईला दिवसाला 2,130 कॅलरी लागतात, आणि प्रथिनं किलोमागे 0.83 ग्रॅम, म्हणजे 46 ग्रॅमच्या घरात. ताईंना कॅलरीचा पाचवा हिस्सा मिळत होता आणि प्रथिनांचा अर्धा. आणि हे वेचणी ऐन भरात असताना.

हिरव्या रसाचं वेगळं सांगतो, कारण तो फुकटचा आणि निसर्गाचा म्हणून कोणी त्याच्याकडे संशयानं बघत नाही. गाळला की चोथा जातो, आणि पोट भरल्यासारखं वाटायला तोच उपयोगी असतो. कच्च्या पालकात ऑक्झलेट भरपूर असतं. रोज मोठा पेला, वर पाणी कमी, असं आठवडेच्या आठवडे चाललं तर मूत्रपिंडात त्याचे स्फटिक साचून किडनी बसल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली आहेत. लवकी कडू निघाली तर तिच्यातल्या कुकुरबिटासिन नावाच्या कडू द्रव्यानं उलट्या, रक्ताची उलटी, बीपी खाली जाणं, इथपर्यंत प्रकरण जातं. 2010मध्ये दिल्लीत असा रस पिऊन मृत्यू झाल्यावर आयसीएमआरनं तज्ज्ञांची समिती नेमली. तिचा सल्ला सरळ आहे: रस काढण्याआधी लवकीचा तुकडा चाखून बघा, कडू लागली तर फेकून द्या, आणि दुसऱ्या कोणत्या भाजीच्या रसात मिसळून पिऊ नका. मिसळल्यावर कडूपणा कळत नाही, म्हणून हे शेवटचं. ताईंच्या पेल्यात नेमकं तेच चाललं होतं. त्यांचं नशीब, लवकी गोड निघाली.

पहिले आठ दिवस

पाचव्या दिवशी काट्यावर तीन किलो कमी. सेंटरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाळ्या. उपाशीपोटीची साखर 170च्या आसपास असायची, ती 98 आली. ताईंच्या आनंदाला पारावार उरला नाही. “मले वाटलं, सुगर गेली बाप्पा,” त्या नंतर म्हणाल्या.

आठव्या दिवसाअखेर काटा 73.6. चार किलो चारशे ग्रॅम गेले. आता हिशेब करू. शरीरातली एक किलो चरबी जळायला साधारण 7,700 कॅलरींची तूट लागते. ताईंची रोजची तूट फार तर सतराशे. आठ दिवसांची बेरीज चौदा हजारांच्या खाली, म्हणजे चरबी गेली असेल तर पावणेदोन किलो. मग बाकीचं काय गेलं? यकृतात आणि स्नायूंत मिळून चार-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे शिलकीतली साखर, साठवलेलं असतं, आणि प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी. जेवण तोडलं की पहिल्या काही दिवसांत हा साठा रिकामा होतो आणि पाण्यासकट पावणेदोन-दोन किलो उतरतात. उरलेल्यात आतड्यातला मळ, मिठासोबत गेलेलं पाणी आणि थोडं स्नायूंचं मांस. जेवण पूर्ववत झालं की पाणी दोन-तीन दिवसांत परत येतं. मांस इतक्या लवकर येत नाही. सगळे ‘सात दिवसांत चार किलो’वाले फलक याच पाण्यावर चालतात.

साखर उतरली ती मात्र खरी. पोटात पिष्ट गेलंच नाही तर साखर उतरणारच, यकृतातली चरबीही कमी व्हायला लागते. इथेच गफलत झाली. साखर जेवण तोडल्यामुळे उतरली होती, आणि त्याच वेळी साखर उतरवणारी गोळीही दोन वेळा चालूच होती.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. पोटात अन्न आहे की नाही, हे ते बघत नाही. मेटफॉर्मिन एकटं असतं तर हा प्रसंग बहुधा आलाच नसता, कारण ते एकटं साखर धोक्याच्या खाली नेत नाही. पण दोघं एका गोळीत बांधलेले. एक ठेवून दुसरं काढायची सोय नाही.

कोणी विचारलं नाही का? ताईंनी सेंटरच्या मॅडमना विचारलं होतं. उत्तर मिळालं, “गोळ्यांबद्दल आम्ही काही सांगत नाही, डॉक्टरनं दिल्या तशा घेत राहा.” आणि गावातल्या आशाताईंनी, उपकेंद्रातल्या सिस्टरनं, आम्ही डॉक्टरांनी वर्षानुवर्षं घोकवलेलं वाक्य ताईंच्या डोक्यात पक्कं बसलेलं: गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. ते वाक्य बरोबरच आहे. पण त्याचा दुसरा अर्धा भाग कोणी शिकवत नाही, की खाणं अचानक बदललं तर त्याच दिवशी येऊन गोळी बदलून घ्यायची. एकादशी, नवरात्र, रोजे, या सगळ्यांत हाच अर्धा भाग लागतो.

नववा दिवस

सकाळी गोळी आणि हिरवा रस घेऊन ताई वावरात गेल्या. दहाचा शेक बाटलीत होता, तो झाला. साडेबारा-एकच्या सुमारास घाम सुटला. कार्तिकातलं ऊन, वेचणीचं काम, घाम कोणालाही येतो. मग हात थरथरायला लागले, बोंडातून कापूस निघेना. सोबतच्या जाऊबाईंनी काही विचारलं तर ताई तिच्यावरच खेकसल्या, कमरेची ओटी सोडून फेकली, आणि अद्वातद्वा बोलायला लागल्या. एरवी ही बाई घरात आवाज चढवत नाही.

“मले काहीच याद नाई,” त्या सांगत होत्या. “जावेले शिव्या देल्ल्या म्हन्ते मी.”

बायकांत दोन मतं पडली. एक, ऊन लागलं. दुसरं, बाहेरचं झालं. साखर मेंदूला पुरेनाशी झाली की माणूस चिडतो, बरळतो, ओळखीच्या माणसाला ओळखत नाही. दारू प्यायल्यासारखा दिसतो. घाम, थरथर, धडधड आणि वागण्यातला असा अचानक बदल एकत्र दिसला आणि माणूस मधुमेहाचा असला, तर दुसरं काही सुचण्याआधी साखर द्यायची. तपासायचं यंत्र हाताशी नसेल तरी द्यायची. मजुरांपैकी एकीच्या सासूला इन्सुलिन चालू होतं, तिला हे ठाऊक होतं. किटलीत उरलेला गोड चहा तिनं ताईंना पाजला. दहा-पंधरा मिनिटांत ताई ताळ्यावर आल्या. ताई शुद्धीवर होत्या, गिळू शकत होत्या, म्हणून हे जमलं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, चहा, साखर काहीही घालायचं नसतं, ते श्वासनळीत जातं.

इथवर सगळं ठीक. चूक पुढची आहे आणि ती फार घरांत होते. बरं वाटलं म्हणून ताईंना घरी नेऊन निजवलं. जेवायला दिलं नाही, कारण चॅलेंज चालू होतं, आणि चहातल्या साखरेनं आधीच पथ्य मोडलं म्हणून त्यांना स्वतःलाच चुटपुट लागली होती. ग्लिमेपिराइडचा अंमल दिवसभर राहतो. चहाची साखर तासा-दीड तासात संपते. संध्याकाळी सहाला सुनेनं हाक मारली तर ओ नाही.

108 बोलावली. ग्रामीण रुग्णालयात पोचल्यावर साखर 34. सत्तरच्या खाली कमी समजतात, 54च्या खाली गंभीर. शिरेतून 25 टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं पाणी, गेलं आणि ताईंनी डोळे उघडले. पहिला प्रश्न, “म्हशीचं दूध काढलं काय?” रात्री दोनला साखर पुन्हा 58वर घसरली. म्हणून दहा टक्के डेक्स्ट्रोजचं सलाईन चालू ठेवून दर दोन तासांनी बोटातून रक्त. या वर्गातल्या गोळ्यांनी साखर पडली की रुग्णाला एक सलाईन लावून घरी पाठवायचं नसतं, किमान चोवीस तास नजरेखाली ठेवावं लागतं. ताईंना दोन रात्री ठेवलं.

रक्तात आणखी दोन गोष्टी निघाल्या. पोटॅशियम 3.1, म्हणजे कमी. क्रिएटिनिन 1.3, म्हणजे किडनीवर ताण. बीपीच्या गोळीतलं हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे मीठ, पाणी आणि पोटॅशियम बाहेर काढतं, वर खाण्यातून मीठ जवळजवळ बंद. शरीर कोरडं पडलं, किडनी मंदावली, आणि किडनी मंदावली की ग्लिमेपिराइडचा निचराही मंदावतो. एकानं दुसऱ्याला वाढवलं. उभं राहताना बीपी 96/60. आठवडाभर उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत होती. ती ‘डिटॉक्स’ची, म्हणजे अंगातली घाण निघत असल्याची, लक्षणं आहेत, असं ग्रुपवर सांगण्यात आलं होतं.

पोटॅशियमवरून एक जुनी गोष्ट आठवते. अमेरिकेत 1970च्या दशकात द्रवरूप प्रथिनांच्या आहाराची लाट आली होती. बाटलीतलं ते प्रथिन जनावरांच्या कातडी-स्नायुबंधांतलं कोलॅजन विरघळवून केलेलं, हलक्या प्रतीचं. 1977-78मध्ये अशा आहाराशी जोडलेले सुमारे 60 मृत्यू तिथल्या सरकारी यंत्रणांनी नोंदवले. त्यातल्या कितीतरी जणी तरण्याताठ्या होत्या, आधी हृदयाचा आजार नसलेल्या, आणि हृदयाचे ठोके एकाएकी बिघडून गेल्या. प्रथिन दर्जेदार असलं पाहिजे आणि क्षार मोजून दिले पाहिजेत, हा धडा तिथून आला.

मग शास्त्र काय म्हणतं

इतकं वाचून लिक्विड डाएट म्हणजे विषच, असं कोणाला वाटेल. तसं नाही. ताईंच्या मुलानं पुण्याहून मला एक बातमी पाठवली होती: पेयांवर ठेवून मधुमेह घालवला. बातमी खरी होती.

स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या टाइनसाइड भागात डायरेक्ट नावाचा अभ्यास झाला, न्यूकॅसलचे रॉय टेलर आणि ग्लासगोचे माइक लीन यांच्या पुढाकारानं. पहिले निकाल 2017मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. 306 माणसं, वय 20 ते 65, बीएमआय 27 ते 45, मधुमेह सहा वर्षांच्या आतला, इन्सुलिन नसलेली. निम्म्यांना तीन ते पाच महिने फक्त सूप आणि शेक, दिवसाला 825 ते 853 कॅलरी, त्यात प्रथिनं, जीवनसत्त्वं, क्षार मोजून घातलेले. वर्षानंतर यातल्या 46 टक्के लोकांचा मधुमेह गोळीशिवाय आटोक्यात होता. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हा आकडा 4 टक्के. सरासरी दहा किलो वजन गेलं. दोन वर्षांनी 46चे 36 झाले. पाच वर्षांपर्यंत पाठपुरावा केलेल्या गटात 13 टक्के उरले. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनं 2020पासून हा मार्ग निवडक रुग्णांना द्यायला सुरुवात केली.

ताईंचा मधुमेह पाच वर्षांचा, वय 46, बीएमआय 34, इन्सुलिन नाही. कागदावर त्या या अभ्यासात बसल्या असत्या. म्हणूनच या दोन गोष्टींतला फरक नीट बघायला हवा. ग्लासगोतल्या माणसाची मधुमेहाची आणि बीपीची गोळी पहिल्याच दिवशी बंद केली होती. त्याला ताईंच्या दुपटीनं कॅलरी मिळत होत्या. नर्स किंवा आहारतज्ज्ञ ठरलेल्या दिवशी त्याला बघत होती. शेक संपल्यावर दोन ते आठ आठवडे एकेक जेवण हळूहळू परत आणलं, आणि पुढे महिन्या-महिन्याला भेट. तेवढं करूनही पाच वर्षांत बहुतेकांचं निसटलं. आपल्या तालुक्याच्या गल्लीत मिळतो तो फक्त शेक, त्याच्या भोवतीचं बाकी काही नाही. माझ्या मते या उपचारात शेक ही सगळ्यात सोपी आणि स्वस्त बाब आहे. महाग आहे ती नजर ठेवणारी नर्स.

द्रव पदार्थांनी पोट भरतं का, हाही प्रश्न आहे. अमेरिकेतल्या परड्यू विद्यापीठात 2000 साली एक छोटा प्रयोग झाला. पंधरा जणांना चार आठवडे रोज 450 कॅलरी सोड्यातून दिल्या आणि दुसऱ्या खेपेला तेवढ्याच कॅलरी गोळ्या-चॉकलेटसारख्या चघळायच्या गोड पदार्थातून. चघळून खाल्लं तेव्हा त्यांनी बाकीचं जेवण आपोआप कमी केलं. प्यायलं तेव्हा केलं नाही, वजन वाढलं. प्यायलेल्या कॅलरीची पोट मोजदाद ठेवत नाही. याचा उपयोग ताईंच्या बाबतीत उलट बाजूनं झाला, तो पुढे येईलच.

आणखी दोन धोके थोडक्यात. वजन आठवड्याला दीड किलोहून वेगानं उतरलं तर पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. आहारात तेल-तूप अजिबात नसेल तर पित्ताशय आकुंचनच पावत नाही, पित्त साचून घट्ट होतं. दुसरं, डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या, लघवीवाटे साखर काढणाऱ्या गोळ्या. पेटंट संपल्यापासून त्या स्वस्त झाल्या आणि गावोगावच्या मेडिकलात आल्या. या गोळीवर असताना खाणं तोडलं तर रक्तात आम्लं साचून माणूस अत्यवस्थ होतो, आणि साखर तपासली तर जवळपास ठीक दिसते. त्यामुळे लवकर कोणाच्या लक्षात येत नाही. इन्सुलिनवाले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, अठरा वर्षांखालची मुलं, किडनीचे किंवा हृदयाच्या ठोक्यांचे रुग्ण यांनी तर या वाटेला जायचंच नाही.

पुढे काय केलं

सुट्टी झाल्यावर चौथ्या दिवशी ताई माझ्याकडे आल्या, मुलगाही आला होता. ग्लिमेपिराइड बंद झालंच होतं, मेटफॉर्मिन एकटं ठेवलं. बीपीच्या गोळीतलं हायड्रोक्लोरोथायझाइड काढून नुसतं टेल्मिसार्टन. वजन 76.1, म्हणजे पाणी परत आलं होतं. ताई रडवेल्या झाल्या. “चोरून काही नाई खाल्लं, तुमची शप्पथ.” खाल्लं नव्हतंच, हे समजावण्यात पहिली भेट गेली.

डायरेक्टसारखा आहार देखरेखीखाली करू या का, हे मी त्यांच्यापुढे ठेवलं. महिन्याला तपासण्या, आठवड्याला फेरी, दुधातले दर्जेदार शेक, आणि वेचणी बंद. मुलगा तयार होता. ताईंनी एकच विचारलं, “माह्यासाठी शेक, मंग घरच्यायचा सैपाक कोन करन?” तीन-चार महिने दोन वेळा चार माणसांच्या भाकरी थापायच्या आणि स्वतः सूप प्यायचं. हा प्रश्न ग्लासगोच्या अभ्यासात कोणी विचारला होता की नाही कोण जाणे, इथे तो निर्णायक ठरला. आम्ही तो मार्ग सोडला.

मग घरच्या खाण्याचा हिशेब मांडला. मी भाकरीपासून सुरुवात करेन असं ताईंना वाटलं होतं. मी तेलाचं पाकीट विचारलं. घरात पाच माणसं, महिन्याला सहा किलो तेल. भागाकार केला: माणशी रोज 40 ग्रॅम, म्हणजे 360 कॅलरी. दोन भाकरींएवढ्या. वऱ्हाडी भाजीवर तर्री दिसली नाही तर पाहुणा नाराज होतो हे मान्य, पण रोज पाहुणा नसतो. महिन्याला साडेतीन किलोवर यायचं ठरलं. तेल वेगळ्या बरणीत काढायचं, बरणी संपली की महिना संपला.

दुसरा चहा. सकाळपासून रात्रीपर्यंत पाच-सहा कप, कपाला दोन चमचे साखर. पन्नास ग्रॅम साखर, दोनशे कॅलरी, सगळ्या प्यायलेल्या, म्हणजे पोटाच्या हिशेबात न धरलेल्या. काढायचं लिक्विड हे होतं. दोन कप ठेवले, बिनसाखरेचे. पहिला आठवडा डोकं दुखलं, मग सवय झाली.

भाकर ठेवली. पन्नास-साठ ग्रॅम पिठाची एक, दोन वेळच्या मिळून तीन. पूर्वी पाच व्हायच्या, वर भात. भात फक्त रविवारी. प्रथिनं वाढवायची होती आणि वावरात तूर पिकवणाऱ्या घरात त्यासाठी डबे विकत आणायची गरज नव्हती. वरण घट्ट, वाटीभर. आठवड्यातून तीनदा 30 ग्रॅम सोयाबीन वड्या, त्यातून पंधरा ग्रॅम प्रथिनं येतात. अंडी दोन, सोमवार-गुरुवार सोडून. चून, म्हणजे पिठलं, कमी तेलात. रात्री पालकाची पातळभाजी डाळ घालून, सोबत एकच भाकर. दुपारी वावरात मठ्ठ्याची बाटली, मीठ-जिरं टाकून. शेक पिऊन जी सोय व्हायची, ती यानंही झाली. साधारण चौदाशे कॅलरी, साठ ग्रॅम प्रथिनं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. लग्नाच्या आठवड्यात काटा हलला नाही. जानेवारीत केस मूठमूठ गळायला लागले. अचानक उपाशी राहिल्यावर दोन-तीन महिन्यांनी असं होतंच, पण ताईंना वाटलं नव्या खाण्यामुळे होतंय आणि वड्या बंद केल्या. पुन्हा समजावलं. केस पुढे थांबले. सोनोग्राफीत खडे नव्हते. मेटफॉर्मिन वाढवून दोन वेळा एक ग्रॅमवर नेलं.

एप्रिल 2025मध्ये वजन 72.4, एचबीएवनसी 7.1. गुडघ्यांची गोळी रोजची सुटली, लागेल तशी. मे-जूनमध्ये आमरसाची जेवणं झाली आणि काटा 73.3 दाखवायला लागला. सेंटरच्या आठव्या दिवसाच्या आकड्याच्या आसपास ताई पुन्हा आल्या, फक्त सात महिन्यांनी आणि शुद्धीवर. वजन आणखी उतरायला हवं. बीएमआय अजून 31च्या वर आहे. मी समाधानी आहे असं म्हणणार नाही, पण गोळ्यांची यादी छोटी झाली आणि या काळात साखर एकदाही सत्तरच्या खाली गेली नाही.

सेंटरकडून पैसे परत मिळाले नाहीत. डबे उघडल्यावर परत घेत नाही, असं सांगितलं. एक डबा न उघडता घरी पडून होता. जाऊबाई, ज्यांनी वावरात शिव्या खाल्ल्या त्याच, तो घेऊन ओपीडीत आल्या. वय 38, वजन 69, कोणतीही गोळी चालू नाही, साखर आणि थायरॉइड ठीक. “आता पैसे तं गेलेच, मी घेऊ काय हा?”

घ्या म्हणालो. लेबलवर लिहिलंय तसा. दुधात, फक्त रात्रीच्या एका जेवणाऐवजी. बाकी दोन वेळा जेवायचं. आणि डबा संपल्यावर रात्री काय खाणार ते आत्ताच ठरवून कागदावर लिहून आणायचं, मग सुरू करायचा. कागद अजून आलेला नाही. पेरण्या चालू आहेत. पुढची तारीख पोळ्यानंतरची दिली आहे.